गेम लावला की पीसी फटकन बंद: कार्डाला दोष देण्याआधी एसएमपीएसपासून भिंतीपर्यंत तपासा

सांगलीच्या विश्रामबागेत माझं पीसी जोडणी आणि दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या तीन-चार वर्षांत एक तक्रार इतक्या वेळा आली आहे की गिऱ्हाईक पायरी चढतानाच पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. "नवीन ग्राफिक्स कार्ड घातलं. विंडोज नीट चालतंय, पिक्चर बघितला तरी काही होत नाही. गेम लावला की दहा मिनिटांत फटकन बंद." निळा स्क्रीन नाही, एरर नाही, धूर नाही. कुणी बटण दाबून दिवा घालवावा तसा पीसी जातो.

त्याचं मला वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. बहुतेक जण माझ्याकडे येईपर्यंत पैसे घालवून बसलेले असतात. विंडोज दोनदा नवं टाकलेलं, रॅम बदललेली, कार्ड उघडून चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदललेली, आणि शेवटी कार्डच मिळेल त्या भावात विकायला काढलेलं. त्यातली बरीच कार्डं ठणठणीत असतात. म्हणून एका पीसीची हकीकत सविस्तर लिहितो. त्यात दोन वेगवेगळे दोष एकाच लक्षणामागे लपले होते, त्यामुळे शोध कसा घ्यायचा ते नीट सांगता येईल.

तासगावजवळच्या वस्तीवरचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांची द्राक्षबाग. पीसीत इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर, चार वर्षांचा ६५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा, म्हणजेच पॉवर सप्लाय), आणि पुण्याहून आणलेलं वापरलेलं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड. "दादा, कार्ड बाद निघालं वाटतं," तो म्हणाला. "पप्पांना काय सांगू?" मी म्हटलं, पप्पांना अजून काहीच सांगू नको.

बंद पडतो म्हणजे नक्की कसा?

मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि उत्तर बहुतेकांकडे नसतं, कारण त्या क्षणी माणूस दचकतो आणि बघायचं राहून जातं. पुढच्या वेळी मुद्दाम मॉनिटरकडे बघा. मॉनिटरचा दिवा चालू आहे आणि 'सिग्नल नाही' असं लिहून येतंय, तर भिंतीतून वीज येत होती आणि पीसीच्या आतल्या एसएमपीएसने पाय मागे घेतला. मॉनिटरचा दिवाही विझला, तर दोष पीसीच्या बाहेर आहे: यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, सॉकेट किंवा खुद्द लाईट.

तिसरा प्रकार वेगळाच असतो. स्क्रीन काळा होतो पण पंखे फिरत राहतात, कधी गेमचा आवाजही येत राहतो. तिथे कार्ड, ड्रायव्हर किंवा कार्डाच्या पॉवर वायरीचा सैल सांधा आधी बघावा. काळ्या स्क्रीनबरोबर कार्डाचे पंखे एकदम पूर्ण जोरात फिरायला लागले, तर मी सगळ्यात आधी कार्डाचं पॉवर कनेक्टर काढून पुन्हा दाबून बसवतो. आरामात निम्मे पीसी तिथेच सुधारतात.

एसएमपीएसने स्वतः वीज तोडली असेल, तर आणखी एक खूण मिळते. काही सप्लाय लगेच आपोआप चालू होतात, पण काही अडकून बसतात. समोरचं बटण कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. मागचा खटका बंद करून दहा-पंधरा सेकंदांनी चालू केला की मग पीसी उठतो. हे दिसलं की समजायचं, आतल्या संरक्षणाने मुद्दाम लाईन तोडली होती.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसते आणि पोरं तिच्यामागे रात्ररात्र घालवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. का, ते तिला माहीत नसतं. तिच्या तपशिलात बगचेककोड शून्य असेल, तर निळा स्क्रीन येण्याआधीच वीज गेली असावी असा अंदाज करता येतो. त्यापलीकडे तिच्याकडून काही मिळत नाही.

तासगावच्या पीसीत मॉनिटर चालू राहत होता आणि मागचा खटका पाडल्याशिवाय पीसी उठत नव्हता. म्हणजे एसएमपीएस. आता प्रश्न असा, की ६५० वॅट कमी पडले कसे?

सरासरी आणि उसळी

त्या मुलाने कागदावर हिशोब करून आणला होता आणि तो चुकीचा नव्हता. कार्ड ३२० वॅट. प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साठ-सत्तर. बेरीज पाचशेच्या आसपास. "दीडशे वॅट शिल्लक आहेत की, दादा."

शिल्लक आहेत, पण सरासरीला. कार्डावर जे ३२० वॅट लिहिलेले असतात ती सरासरी असते. आजची कार्डं एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात काम शून्यावरून पूर्ण जोरावर नेतात, आणि त्या क्षणी ओढ कितीतरी वर जाते. ३०८० सारखं कार्ड अशा क्षणी साडेचारशे वॅटच्याही पुढे उसळतं. त्याच क्षणी प्रोसेसरही जोरात असेल, तर ६५० ची रेघ ओलांडली जाते. मायक्रोसेकंदांचा खेळ आहे, सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांत तो दिसतच नाही. पण एसएमपीएसच्या संरक्षणाला तो दिसतो.

मी त्याला विचारलं, "रात्री बोअरची मोटार सुरू करताना घरातला बल्ब काय करतो?" "क्षणभर मंद होतो," तो म्हणाला. मोटार चालू राहायला लागणारा करंट वेगळा आणि ती जागची हलवायला लागणारा वेगळा. कार्डाचं तेच, फक्त ते सेकंदाला शेकडो वेळा जागचं हलतं. हे त्याला एका वाक्यात समजलं.

म्हणूनच फरमार्कसारख्या चाचणीवर मी एकट्याने विसंबत नाही. त्या मुलाला आधी दुसरीकडे सांगितलं होतं, "फरमार्क तासभर चालला म्हणजे सप्लाय ओके." फरमार्क कार्डावर सलग, एकसारखं ओझं टाकतो. गेममध्ये ओझं सतत चढतं-उतरतं, दार उघडलं, स्फोट झाला, मेनूत गेलो, परत आलो. सप्लायची परीक्षा त्या चढ-उतारात होते. कित्येक पीसी ऐन लढाईत टिकतात आणि मेनूत बंद पडतात, कारण मेनूत फ्रेमवर (कार्ड दर सेकंदाला काढतं त्या चित्रांवर) बंधन नसतं आणि कार्ड सेकंदाला हजारो फ्रेम काढायला धावतं.

खात्री करायला एक पैसा लागत नाही. आफ्टरबर्नर हे कार्डाच्या सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर उघडा, पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये फ्रेम ६० वर बांधा, आणि नेहमी बंद पाडणारा तोच गेम तासभर खेळा. ३०८० मग साधारण २२४ वॅटच्या आत राहतं आणि उसळ्याही त्या मानाने खाली येतात. पीसी टिकला, तर कार्ड बाद नाही, पुरवठा अपुरा आहे. तरीही बंद पडला, तर प्रोसेसरचं तापमान, कूलरची पकड, मदरबोर्ड, कॅबिनेटला टेकलेला एखादा स्क्रू अशा गोष्टींकडे वळा. आमच्या मुलाचा पीसी दोन तास चालला. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो मला अजून आठवतो.

एक वायर, दोन तोंडं

पण नवा एसएमपीएस घ्या म्हणण्याआधी मी कॅबिनेटची मागची बाजू उघडतो. तिथे नेहमीचा प्रकार दिसला. कार्डाला आठ पिनांची दोन कनेक्टर लागत होती, आणि ती दोन्ही एकाच वायरीची होती: एसएमपीएसमधून एक वायर निघते, पहिलं तोंड लागतं, तिथूनच वीतभर पुढे दुसरं. दिसायला सुटसुटीत. हिशोब बघा. आठ पिनांच्या एका कनेक्टरची मर्यादा १५० वॅट आणि मदरबोर्डच्या खाचेतून मिळतात जास्तीत जास्त ७५. कार्डाच्या ३२० पैकी खाचेतून साठ आले असं धरलं, तरी २६० वॅट त्या एका वायरीतून. बहुतेक वायरींत १२ व्होल्टच्या तारा तीनच असतात. २६० भागिले १२, म्हणजे जवळपास २२ अँपिअर, तारेमागे सात. त्यावर उसळ्या वेगळ्या.

एचडब्ल्यूइन्फो या आतले आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या आठ पिनांवरचं व्होल्टेज बघितलं. रिकामं असताना ११.९ आणि गेममध्ये ११.५. बाराच्या लाईनला पाच टक्के वर-खाली चालतं, म्हणजे खालची हद्द ११.४. अगदी काठावर. एसएमपीएसच्या डब्यात पडून असलेली दुसरी वायर काढली, दोन कनेक्टरना दोन स्वतंत्र वायरी दिल्या. गेममधलं व्होल्टेज ११.७ वर आलं. पॉवर लिमिट पूर्ण केल्यावर दहा मिनिटांऐवजी पाऊण तास टिकला, मग गेला. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. तुमच्याकडे मात्र एवढ्यानेच काम होऊ शकतं. गेल्या पावसाळ्यात माधवनगरच्या एकाचा पीसी नुसत्या वायर बदलण्याने सुधारला, आणि तो नव्या एसएमपीएसचे पैसे मोजायला तयार होऊन आला होता.

सोळा पिनांची गोष्ट इथेच सांगतो. आरटीएक्स ४०९० बरोबर ऑक्टोबर २०२२ मध्ये १२व्हीएचपीडब्ल्यूआर हे कनेक्टर घरोघरी पोचलं आणि लगेच ते वितळल्याचे फोटो यायला लागले. एवढ्याशा तोंडातून ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर, सोळांपैकी १२ व्होल्टच्या सहा पिनांतून. पिनेमागे ८.३. पिनेची क्षमता नऊच्या थोडीच वर. कनेक्टर अर्धवट बसलं आणि एका पिनेने अंग काढलं, तर तिचा वाटा उरलेल्या पाच जणींवर पडतो आणि तिथे उष्णता होते. पुढे आलेल्या १२व्ही-२×६ या सुधारित कनेक्टरमध्ये चार छोट्या सेन्स पिना (कनेक्टर बसलंय का ते कार्डाला कळवणाऱ्या) आखूड केल्या आणि वीज नेणाऱ्या पिना थोड्या लांब. त्यामुळे कनेक्टर नीट बसलं नसेल तर कार्ड चालूच होत नाही.

माझी पद्धत सांगतो. कार्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी टेबलावरच कनेक्टर एकदा बसवून बघतो, म्हणजे किती जोर लागतो ते हाताला कळतं. मग आत घातल्यावर तितकाच जोर लावतो, मोबाईलचा टॉर्च बाजूने मारतो आणि फट दिसते का बघतो. टक् आवाजावर विसंबत नाही, तो कधी येतो, कधी येत नाही. कनेक्टरपासून साधारण दोन बोटं वायर सरळ जाऊ द्यायची, मगच वळवायची. कॅबिनेटची काच बंद होत नाही म्हणून वायर दाबून बसवलेली मी बघतो, तेव्हा पोटात गोळा येतो. काच उघडी राहू दे, कॅबिनेट बदला, पण कनेक्टर दाबू नका.

मग घ्यायचा कोणता?

कार्ड बनवणारी कंपनी किती वॅटचा सप्लाय घ्या म्हणते, ते मी किमान धरतो. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं कार्ड, त्याला ५५० पुरतो. आरटीएक्स ५०७० हे २५० वॅटचं, त्याला ६५०. ५०७० टीआय ३०० वॅट आणि सप्लाय ७५०. रेडिऑनचं आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॅट, तिथेही ७५०. ५०८० ला ८५०. ५०९० एकटं ५७५ वॅट ओढतं, त्याला कमीत कमी १०००. प्रोसेसर साधा, पासष्ट वॅटवाला असेल तर हे आकडे पुरेसे आहेत. आय-सेव्हन १३७००के सारखा, २५३ वॅटपर्यंत जाणारा असेल, तर एक पायरी वर चढा.

वॅटच्या आकड्याखाली मात्र लेबल वाचायला शिका. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता असतो. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवर जगतात, म्हणून तेवढाच रकाना बघा आणि अँपिअरला बाराने गुणा. ६५० वॅटच्या चांगल्या सप्लायवर ५४ अँपिअर दिसतात: ६४८ वॅट, जवळजवळ सगळेच्या सगळे. माझ्याकडे परवा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला '५०० वॅट' आला होता, त्याच्या १२ व्होल्टला २८ अँपिअर. म्हणजे ३३६ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ च्या रकान्यात मांडलेले, जिथे आजच्या पीसीत त्यांना फारसं काम नसतं. असा सप्लाय गेमिंग कार्डाला लावू नका. फुकट मिळाला तरी नको.

'८० प्लस'च्या बिल्ल्याबद्दल मोठा गैरसमज आहे. गोल्ड म्हणजे दणकट आणि ब्रॉन्झ म्हणजे तकलादू, असं त्यात काही नाही. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पुढे पोचते आणि किती उष्णता होऊन जाते, एवढंच तो बिल्ला सांगतो. गोल्डमध्ये निम्म्या ओझ्याला नव्वद टक्के किंवा त्याहून थोडी जास्त. उसळी सोसण्याची ताकद आणि संरक्षणाचा दर्जा त्यात मोजलेलाच नाही. तरी मी गोल्ड सुचवतो, कारण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच अडतीस-चाळीस अंश असतात आणि आत जितकी उष्णता कमी तितकं बरं.

उसळीची खात्री हवी तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं बघा. इंटेलने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा नवा आराखडा आणला तो या कार्डांमुळेच. सोळा पिनांचं कनेक्टर असलेल्या सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट ओझं १०० मायक्रोसेकंद सोसलं पाहिजे, अशी त्यात अट आहे. ८५० चा सप्लाय क्षणभर १७०० वॅट झेलतो आणि बंद पडत नाही. जुन्या ६५० वर ही अटच नव्हती. आमच्या मुलाचा सप्लाय खराब नव्हता, तो ज्या जुन्या आराखड्यावर बनला, तो ठरला तेव्हा अशी कार्डं कुणाच्या मनात नव्हती एवढंच. आणखी एक अक्षर लेबलवर शोधा: इनपुट '१००–२४०' आहे की '२००–२४०'. गावात व्होल्टेज पडत असेल, तर पहिलाच घ्या. याचं महत्त्व पुढे येतंय.

कंपनीच्या नावावर जाऊ नका, मॉडेलवर जा. नाव असणाऱ्या बऱ्याच कंपन्या सप्लाय स्वतः बनवत नाहीत, सीसॉनिक, चॅनल वेल, ग्रेट वॉल यांच्यासारख्यांकडून बनवून घेतात. एकाच नावाखाली एक मॉडेल सोन्यासारखं आणि दुसरं टाकाऊ असतं. वॉरंटीची वर्षं त्यातल्या त्यात खरं बोलतात. दहा वर्षं लिहून देणारा आत चांगले कपॅसिटर घालतो.

वापरलेलं कार्ड घ्या, मी हरकत घेत नाही. वापरलेला एसएमपीएस मात्र सांगलीत तरी घेऊ नका. २०१९ च्या महापुरात आणि पुन्हा २०२१ मध्ये किती दुकानं, किती घरं पाण्यात गेली ते आपण पाहिलं आहे. भिजलेला सप्लाय वाळवला की वर्षभरही चालतो, बाहेरून पुसला की ओळखूही येत नाही. आत ट्रान्सफॉर्मरच्या खाली गाळ बसलेला असतो आणि पिना गंजत असतात. उघडून बघायलाही जाऊ नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चारशेच्या घरात व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

आम्ही ८५० वॅटचा, एटीएक्स ३.१, गोल्ड, पूर्ण इनपुट रेंजवाला सप्लाय ठरवला. पुढे कार्ड बदललं तरी तोच चालेल.

जुन्या वायरी

नवा डबा आला तेव्हा मुलगा म्हणाला, "दादा, वायरी काढू नका. जुन्या छान ओवल्यात. मागून नुसता सप्लाय बदलू." मी त्याचा हात धरून थांबवला.

मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून काढता येणाऱ्या, वायरीचं कार्डाकडचं तोंड सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं नाही. त्या बाजूला कोणत्या खड्ड्यात १२ व्होल्ट आणि कुठे ग्राउंड, याचा नियमच नाही. कंपनी बदलली की बदलतं, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही. मी डिस्क-एसएसडीला वीज देणारी जुनी आणि नवी साटा वायर शेजारी धरली. दोन्हींचं सहा पिनांचं तोंड एकाच आकाराचं, एकमेकांच्या जागी आरामात बसणारं. मल्टिमीटर बझरवर ठेवून साटाच्या ५ व्होल्टच्या पिनेपासून मागे शोधलं. जुन्या वायरीत ती पिन ज्या कोपऱ्यात निघाली, नव्या वायरीत त्याच कोपऱ्यात १२ व्होल्टची पिन निघाली. म्हणजे जुनी वायर लावून बटण दाबलं असतं, तर एसएसडीच्या पाच व्होल्टच्या पायात बारा गेले असते.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने घरी असंच केलं होतं. दोन डिस्क एका क्षणात गेल्या, लग्नाचे फोटो त्यातच होते आणि दुसरीकडे कुठे ठेवलेले नव्हते. मला काहीच करता आलं नाही. म्हणून प्रत्येकाला सांगतो: एसएमपीएस बदलला की त्याच्याबरोबर आलेल्या वायरीच वापरा, एकूण एक.

दहा दिवसांनी

नव्या सप्लायवर पीसी दुकानात दिवसभर चालवला, पॉवर लिमिट पूर्ण, काही झालं नाही. मुलगा घेऊन गेला. दहा दिवसांनी फोन. "दादा, परत सुरू झालं. पण या वेळी मॉनिटर पण जातोय." त्याने स्वतःच बघितलं होतं. मॉनिटर जातोय म्हणजे पीसीचा दोष नाही. "कधी होतं?" "रात्री दहानंतर. दिवसा कधीच नाही."

रविवारी संध्याकाळी त्याच्या वस्तीवर गेलो. सॉकेटमध्ये मल्टिमीटर: २२८ व्होल्ट, झकास. आईने भडंग आणि चहा दिला, आम्ही वाट बघत बसलो. दहाच्या सुमाराला शेतीपंपांची लाईट आली, आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या आणि मीटरचा आकडा खाली सरकत १७८ वर थांबला. टेबलाखालचा यूपीएस टक्-टक् करायला लागला. मुलाने गेम लावला. यूपीएस बॅटरीवर गेला, एक लांब शिट्टी, आणि सगळं काळं.

यूपीएस होता ६०० व्हीएचा. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. असे यूपीएस सहसा ३६० वॅटच देतात. पीसी आतून ५०० वॅट घेत असेल तर भिंतीतून साडेपाचशेच्या वर ओढतो, कारण काही भाग उष्णतेत जातो. लाईट असताना यूपीएस वीज नुसती पुढे ढकलतो म्हणून दिवसा निभावत होतं. व्होल्टेज पडलं की तो बॅटरीवर जायचा आणि साडेपाचशेच्या ओझ्याखाली जागीच बसायचा. जुन्या सप्लायच्या काळातही रात्रीचे काही धक्के याचेच असणार. दोन दोष एकमेकांत मिसळले होते, म्हणून कुणाला उलगडा होत नव्हता.

पीसी यूपीएसवरून काढून सरळ भिंतीला लावला. १७८ व्होल्टवर नवा सप्लाय शांतपणे चालला, कारण त्याची रेंज १०० पासून सुरू होते. अशा सप्लायला कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लागत नाही. व्होल्टेज कमी झालं की करंट मात्र वाढतो, म्हणून सॉकेट घट्ट हवा आणि एक्स्टेंशन बोर्ड नको. तासभर गेम चालल्यावर प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका नको. ज्यांना यूपीएस हवाच आहे त्यांनी ९०० वॅट किंवा त्याहून जास्त देणारा, शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना चौकोनी लाट देतात आणि आजचे काही एसएमपीएस तिच्यावर रुसतात. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल, तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा, दुसऱ्या मोडमध्ये बदलीला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी जातो.

निघताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला. दिवा लागला. "हो दादा, अनवाणी असलो की झिणझिण्या येतात," मुलगा म्हणाला, जणू ते चालायचंच. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे छोटे फिल्टर कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजला तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण आत खरोखर फेजची तार सुटून कॅबिनेटला टेकली तर वाचवायला काहीच उरत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा तपासला तेव्हा तार गंजून तुटलेली निघाली. नवी टाकली, टेस्टर विझला. त्याच फेरीत मीटरशेजारी जादा व्होल्टेज आलं की लाईन तोडणारं प्रोटेक्टरही बसवून घ्यायला लावलं. वस्तीवर न्यूट्रल तुटला तर घरात चारशेपर्यंत व्होल्ट येऊ शकतात, आणि ते कोणताच एसएमपीएस सोसत नाही.

उन्हाळ्यात गेमला बसल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, दर वेळी साधारण त्याच वेळाने बंद पडणारे पीसी हा उष्णतेचा प्रश्न असतो, आणि तो सोपा आहे. एसएमपीएसचा पंखा कॅबिनेटच्या तळाशी असतो, तिथली जाळी काढून धुवा. मार्केट यार्डातल्या एका पेढीवरचा पीसी माझ्याकडे येतो, त्याची जाळी दर सहा महिन्यांनी हळदीने पिवळीधमक होऊन बुजलेली असते. ती धुतली की पीसी पुन्हा सहा महिने बिनतक्रार. पीसी गालिच्यावर किंवा बंद कपाटात ठेवला असेल, तर आधी तिथून हलवा.

तासगावच्या मुलाचं ३०८० अजून त्याच्याकडेच आहे, पॉवर लिमिट पूर्ण, रात्री दहानंतरही. जुना ६५० वॅटचा सप्लाय त्याने बहिणीच्या अभ्यासाच्या पीसीत घातला. तिथे शंभर वॅटही लागत नाहीत. त्याच्या सगळ्या वायरी मात्र मी वेगळ्या पिशवीत बांधून, वर मार्करने मॉडेल नंबर लिहून दिल्या होत्या, आणि त्याच वापर असं तीनदा बजावलं होतं.